हिच्या नावाचा भुंगेरा

४ मार्च

डबा खाऊन संशोधन-पत्रिकेच्या संपादकांची मेल उघडली आणि तीनदा वाचली. एक लेख परीक्षणाला पाठवलाय. लेखकाचं नाव नेहमीसारखं झाकलेलं. शीर्षकात माझ्या भुंगेऱ्याचं नाव आहे आणि त्याच्यापुढे लिहिलंय की ही स्वतंत्र प्रजातीच नाही.

हे मुद्दाम लिहून ठेवतो. आज माझं डोकं ठिकाणावर नाही आणि आठवड्यानं मलाच वाटेल की मी उगाच तडकलो. मी उगाच तडकलेलो नाही.

संग्रहालयात भुंगेऱ्यांचा विभाग माझ्याकडे आहे. टाचणीला टोचलेले भुंगेरे, खणामागून खण, आणि प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी दिलेलं नाव. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी घेण्यात गेली. त्यात एकच माझा. शेणात राहणारा, काळा, करंगळीच्या नखाएवढा, नर असूनही डोक्यावर शिंग नसलेला. शोधाला स्वतःचं नाव द्यायचं नाही असा आमच्यात दंडक आहे. बायकोचं दिलं तर कुणी हरकत घेत नाही. मी हिचं दिलं.

लेखकाचं म्हणणं असं, की त्याच कुरणात जो शिंगवाला भुंगेरा सापडतो त्याचीच ही खुरटलेली भावंडं. आई जमिनीत शेणाचे गोळे करते, एकेका गोळ्यात एकेक अंडं. गोळा मोठा असला तर त्यातून शिंगवाला नर निघतो, लहान असला तर बिनशिंगाचा. एका आईची पोरं म्हणजे एकच प्रजाती, आणि एका प्रजातीला एकच नाव, जे आधी छापलं गेलं ते. शिंगवाल्याचं नाव माझ्या आजोबांच्या काळातलं आहे. तेव्हा ते तरणार आणि माझं बुडणार. बुडणार हाच शब्द आहे आमच्या धंद्यात.

आता हा लेख छापावा की नाही हे मी सांगायचं. ज्याचं नाव बुडणार त्यालाच संपादक लेख तपासायला देतात, कारण त्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण वाचणार? निवृत्तीला वर्षभर राहिलंय. नेमकं आत्ताच कुणालातरी माझ्या अन्नात माती कालवायची होती.

५ मार्च

काल जेवताना हिला सांगितलं. हिचा घास हातातच राहिला. "कुणी लिहिलाय म्हणे?" म्हणाली. मी म्हटलं, नाव झाकलेलं असतं हे तुला काय सांगायचं. ही इतकी वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. आम्ही एकाच वर्गातले, आणि खरं सांगायचं तर मार्क हिचेच जास्त. माझ्या सगळ्या लेखांतली चित्रं हिनं काढलेली आहेत. तेव्हा अशा वेळी घरात बोलायला माणूस आहे, एवढं तरी माझं नशीब.

मी लेख वाचून दाखवायला लागलो तर हिनं हात वर केला. "नको. गोपनीय असतं ना ते?" तत्त्वाची पक्की आहे.

मग म्हणाली, "तू परत का नाही पाठवत? लिहायचं, माझ्याच प्रजातीबद्दल आहे, मला तटस्थपणे बघता येणार नाही."

"आणि कुणा गाढवाच्या हाती देऊ?"

"गाढव नसेलही तो."

"ज्यानं हे लिहिलंय तो गद्दार आहे," मी म्हटलं. "कुरण कुठलं, गोठा कुठला, सगळं ठाऊक असलेला माणूस आहे. माझ्या घरी जेवलेला."

ही उठली आणि ताटं उचलायला लागली. माझं अजून संपलं नव्हतं. हिलाही लागलं असणार; शेवटी नाव हिचं आहे.

७ मार्च

चिमटाच असणार, दुसरं कुणी असूच शकत नाही. माझा एकेकाळचा विद्यार्थी. हातातला चिमटा जेवतानाही खाली ठेवायचा नाही, म्हणून मीच हे नाव पाडलं. हल्ली परगावी एका छोट्या कॉलेजात शिकवतो. लेखात प्रयोगशाळेऐवजी 'सावलीची बाल्कनी आणि काचेच्या बरण्या' असं लिहिलंय, आणि त्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या नावानं बोंब आहे हे त्यानंच मला सांगितलेलं. शिवाय चित्रं. पहिलं चित्र बघून मला क्षणभर हिच्याच हातचं वाटलं. पायांवरचे केससुद्धा तसेच, मुळाशी जाड आणि टोकाला विरत गेलेले. चिमटा चित्र काढायला शिकला तो आमच्याच घरी, हिच्या शेजारी बसून.

त्याला बरण्यांची कल्पनाही इथूनच मिळाली असणार. ही जरा लवकर निवृत्त झाली, तेव्हापासून बाल्कनीत भुंगेरे पाळते. लोक कुंड्या ठेवतात, आमच्याकडे बरण्या. चिमटा मध्यंतरी येऊन तासभर त्या बघत बसला होता आणि ही भाबडेपणानं सगळं सांगत होती. हिला बिचारीला पत्ताही नसेल की आपल्या छंदातून कुणी एवढं उचलून नेलंय. अजून मी हिला हे बोललेलो नाही. वाईट वाटेल.

चित्रं मात्र देखणी आहेत. गद्दाराचा हात चांगला आहे.

१० मार्च, रविवार

घरभर शेणाचा वास. खालच्या मजल्यावरच्या बाई पुन्हा वर आल्या होत्या, नाकाला रुमाल लावूनच. त्यांना म्हटलं, रिकाम्या माणसाला काहीतरी हवं ना. आतून ही म्हणाली, "मी रिकामी नाहीये." बाईंना हसू आलं, मलाही आलं. हिला आलं नाही.

दुपारी परीक्षणाचा मसुदा करत होतो तर हिनं बाल्कनीतून हाक मारली. "अरे, जरा इकडे ये. आजच बाहेर आलेत दोघं. सख्खे भाऊ आहेत."

"कोण भाऊ?"

"ये आणि बघ ना."

मी म्हटलं, भावांना थांबायला सांग, मी कामात आहे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "एकदाच बघ. परत नाही बोलावणार." मी नुसतं हं केलं. एक वाक्य अगदी जुळत आलं होतं आणि उठलो असतो तर निसटलं असतं. ते असं: 'बरणीत वाढलेला भुंगेरा बरणीबद्दल सांगतो, निसर्गाबद्दल नाही.' चांगलं झालंय.

१२ मार्च

चिमट्याला फोन केला. लेखाचा विषय काढायची मुभा नसते, म्हणून आडून आडून विचारलं.

"काय चाललंय नवीन?"

"पेपर तपासतोय, सर. गठ्ठे पडलेत."

"आणि भुंगेरे?"

"वेळच नाही हो."

"विश्वासघात करायला बरा वेळ मिळतो लोकांना," मी म्हटलं. तो हळूच म्हणाला, "सर, मॅडमशी बोललात का तुम्ही?"

"तिचा काय संबंध?"

"नाही, म्हणजे... एकदा बोला, सर."

आता मॅडमच्या पदराआड लपायचंय त्याला. ती रदबदली करेल अशी आशा असणार. घरी आल्यावर हिला सांगितलं, तेव्हा मात्र ही चिडली. "त्या पोराला काही बोलू नकोस. त्यानं काहीही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

हिचं मन मऊ आहे. शिकवलेल्या पोरांबद्दल बायकांचं असंच असतं.

१५ मार्च

आज मूळ नमुना बाहेर काढला. मूळ नमुना म्हणजे तो एकच भुंगेरा, ज्याच्या अंगावर प्रजातीचं नाव कायमचं लटकवलेलं असतं. त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी असते. इतरांच्या लाल चिठ्ठ्या जन्मभर सांभाळल्या, पण ही एक माझ्या हातानं लिहून लावलेली.

माझी प्रजाती नुसत्या शिंगावर उभी नाही. माझ्या भुंगेऱ्यात नराच्या जननेंद्रियाचं टोक वाकडं आहे, शिंगवाल्यात सरळ. भुंगेऱ्यांचा शेवटचा निवाडा तिथेच होतो. लेखक म्हणतो, नुकता बाहेर आलेला, कवच कडक न झालेला भुंगेरा टाचणीवर वाळवला की टोक मुरडतं, आणि कोमट पाण्यात भिजवला की पुन्हा सरळ होतं. मूळ नमुन्याबरोबर पकडलेले आणखी चार माझ्याकडे आहेत. त्यातले दोन भिजवले.

टोक वाकडं आहे. म्हणजे, भिजवल्यावर जरा कमी वाकडं दिसतं. दुसऱ्याचं जवळजवळ... पण सूक्ष्मदर्शकाचा दिवा मिणमिणता झालाय, आणि पाणी अंमळ जास्तच तापलं असावं. दोन किड्यांवरून काही सिद्ध होत नसतं. मूळ नमुना भिजवला नाही. त्याला काही झालं तर जबाबदार कोण?

१६ मार्च

सकाळी चहा पिताना हिनं एकदम विचारलं, "प्रजाती म्हणजे काय रे, तुझ्या मते?"

मी म्हटलं, "पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे हा."

"म्हणूनच विचारतेय. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी सांगायचे, ज्यांची आपसात पिलं होतात आणि त्या पिलांनाही पुढे पिलं होतात, ते सगळे एक."

"माझे भुंगेरे टाचणीवर आहेत. त्यांना पिलं कुठून होणार? आम्हाला रूपावरूनच ठरवावं लागतं. ज्या माणसानं हजारो बघितलेत त्याला कळतं, हा वेगळा."

"म्हणजे तू म्हणशील ती प्रजाती."

"माझ्यासारखा जाणकार म्हणेल ती."

"आणि जाणकार चुकला तर? भुंगेऱ्यांना काही फरक पडतो?"

"भुंगेऱ्यांना कशानंच फरक पडत नाही, ते शेण खातात," मी म्हटलं. मला वाटलं ही हसेल. ही कपाच्या तळाशी बघत राहिली. म्हणाली, "तुझं नाव बुडालं, तरी तू एवढी वर्षं केलेलं काम बुडत नाही. हे कळतंय ना तुला?"

मला भरून आलं. जगात एक माणूस तरी माझ्या बाजूनं आहे.

१८ मार्च

परीक्षण पाठवलं. शिफारस: छापण्यास अयोग्य. दोन-तीन वाक्यं इथे उतरवून ठेवतो, कारण मला ती आवडली आहेत. 'लेखकानं वर्गीकरण हौसेखातर केलेलं दिसतं.' 'मूळ नमुन्यासोबतचे नमुने मी स्वतः भिजवून पुन्हा तपासले. टोकाचा बाक स्पष्ट आणि कायम आहे.' 'लेखकापाशी चिकाटी आहे, नजर नाही.'

मधलं वाक्य लिहावं की नाही असा जरा विचार केला. पण ते नसतं तर परीक्षण लंगडं पडलं असतं.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२ एप्रिल

लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

संध्याकाळी घरी आलो तर ही जेवणाच्या टेबलाशी संगणक उघडून बसलेली. म्हणाली, "बस. काहीतरी वाचून दाखवायचंय." आणि वाचायला लागली. 'लेखकानं वर्गीकरण हौसेखातर केलेलं दिसतं.'

मला वाटलं हिनं माझी मेल उघडलीय. ओरडलोच मी. "माझ्या मेलला हात का लावलास?"

"माझी मेल आहे," ही म्हणाली, आणि पुढे वाचत राहिली. आवाज वर्गात वाचतात तसा, सरळ. 'लेखकापाशी चिकाटी आहे, नजर नाही.' तिथे थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तोवरही मला समजलं नव्हतं, इतका मी मूर्ख. मग समजलं.

लेख हिचा होता. माझं नाव बुडवणारी माझी बायको. चिमटा नाही, कुणी परका नाही. जिच्या नावानं त्या किड्याला जगात उभं केलं, तिनंच. एका छताखाली राहून, माझ्याच समोर बसून चहा पीत, हिनं माझ्या पायाखालची जमीन उकरली आणि मी हिलाच माझी बाजू समजावून सांगत होतो! विश्वासघात हा शब्द मी गेला महिनाभर चुकीच्या माणसासाठी वापरत होतो.

३ एप्रिल

काल बोलणं अर्ध्यावर राहिलं होतं. आज सकाळी झालं. जसं आठवतंय तसं लिहितो.

मी विचारलं, आधी मला का नाही सांगितलंस. ही म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पहिली पिढी बाहेर आली तेव्हा. तू म्हणालास, बाल्कनीत विज्ञान होत नसतं, आणि पेपर वाचायला घेतलास." मला हे आठवत नाही. म्हणालोही असेन, पण त्याचा एवढा काय डूख धरायचा?

"मग हळूच माझ्या पाठीमागे पाठवून दिलास लेख."

"पाठीमागे कसला? बरण्या बाल्कनीत आहेत, काचेच्या आहेत. तू ओलांडून जातोस रोज."

"लेख माझ्याकडे आलाय हे पहिल्याच दिवशी कळलं ना तुला? तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"उघडणार होते. तुला म्हटलंही, परत पाठव. तू गद्दार म्हणालास. मग मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"लेख कुणाचा हे ठाऊक नसताना तू खरं लिहितोस का ते."

म्हणजे मला बरणीत घातलं होतं! स्वतःच्या नवऱ्याला! मी हे असंच म्हटलं. ही म्हणाली, "मला आशा होती. शेवटपर्यंत." मग विचारलं, "भिजवल्यावर टोकं सरळ झाली ना?"

हिला कसं कळलं असं विचारणार होतो, तर हीच म्हणाली, "तुझ्या पहिल्या लेखातलं चित्र मीच काढलंय. मला बाक दिसत नव्हता. तू म्हणालास, आहे, जरा ठळक काढ. मी काढला. तुझ्यावर विश्वास होता माझा."

तसं मी म्हणालो असेन. चित्रकाराला सगळेच सांगतात, ठळक काढ म्हणून.

"तुझं नाव होतं गं त्यावर," मी म्हटलं. "तुझंच नाव बुडवलंस."

"मला विचारलं होतंस, देऊ का म्हणून?"

"आनंदाच्या गोष्टी विचारून करायच्या असतात का?"

ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, खणातलं काहीतरी ओळखू येत नसावं तसं. म्हणाली, "लेख भुंगेऱ्याबद्दल होता रे. तुझ्याबद्दल नव्हता." आणि आंघोळीला निघून गेली.

कुणी मला सांगावं, माझं काय चुकलं? मी तीस वर्षं हिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

५ एप्रिल

संपादकांची मेल. दुसऱ्या परीक्षकानं लेख उचलून धरलाय, छापाच म्हणतोय. दोन मतं उलटसुलट, तेव्हा मी माझ्या मतावर ठाम आहे का, असं विचारलंय.

ठाम आहे म्हटलं तर लेख पडतो, नाव वाचतं. निदान मी निवृत्त होईपर्यंत वाचतं. जेवणाच्या सुट्टीत खण उघडून बसलो होतो. मूळ नमुना शेवटी भिजवला. कशाला ते विचारू नये. पाऊण तासानं बघितलं. दिवा नवा बसवलेला आहे.

टोक सरळ आहे.

६ एप्रिल

संपादकांना उत्तर पाठवलं. लिहिलं की लेखक माझ्या कुटुंबातली व्यक्ती आहे असं आता कळलंय, सबब माझं परीक्षण रद्द समजावं. नियमच तसा आहे, त्यात माझा मोठेपणा नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली: मूळ नमुना तपासला, लेखकाचं निरीक्षण बरोबर आहे.

हिला सांगितलं नाही. हिनं तरी मला कुठे सांगितलं होतं. घरात सध्या मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं आहे. चिमट्याचा दोनदा फोन येऊन गेला, हिला. दार लावून बोलते.

११ एप्रिल

लेख स्वीकारला गेला. हिला मेल आली तेव्हा मी समोरच होतो. माझी ओळ संपादकांनी हिला कळवलेली असावी, कारण वाचता वाचता हिनं एकदा मान वर केली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. संगणक मिटला आणि बाल्कनीत गेली.

मीही उठलो. दारात उभा राहिलो. ही एका बरणीवर वाकून भिंगातून बघत होती. काचेला लागून शेणाचा एक गोळा होता आणि त्याला नुकतं भोक पडत होतं. मोठा होता का लहान, मला तिथून कळेना. तीस वर्षं मी भुंगेऱ्यांत काढली, पण गोळा फोडून बाहेर येणारा भुंगेरा मी कधी बघितलेला नाही. माझ्याकडे येतात ते मेलेले येतात.

"दाखव ना," मी म्हटलं.

"काय?"

"काय निघतंय ते. शिंगवाला की..."

हिनं भिंग खाली ठेवलं नाही. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही," ही म्हणाली. "छापून आलं की वाच. सगळे वाचतील तसं."

अंक वर्षअखेरीला निघतो.